देवरे बाई आणि कडुलिंबाखालची जागा

देवरे बाई लग्नाला गेल्या की नवरा-नवरीच्या आधी मागचं दार बघून येतात. आमच्या एका सरांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता मुठीत धरून उभे, आणि बाई गायब. हॉलच्या मागच्या दाराला कुणीतरी आइस्क्रीमचा फ्रीझर आणि खुर्च्यांची चळत टेकवून ठेवली होती. बाईंनी तिथं दिसतील ते वऱ्हाडी कामाला लावले. त्यात नेमका नवरीचा मामा सापडला. शेवटच्या मंगलाष्टकाला मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, तो घामाघूम होऊन फ्रीझरच्या पाठीशी उभा!

"आधी दार, मग कारभार," असं म्हणत बाई जेवायला गेल्या. टेबल अर्थातच दाराजवळचं.

सिडकोतल्या आमच्या शाळेत बाई पहिलीचा वर्ग घेतात, मी वरच्या वर्गांना मराठी शिकवतो. बाई मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शहरी, पण पारा चढला की "काय करी राहिना रे तू?" अशी अहिराणी बाहेर पडते आणि पोरं जागच्या जागी थिजतात. यजमान अंबडच्या एका कंपनीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. शाळा सुटली तरी बाई वर्गात काहीबाही आवरत बसतात. "निघा की आता," म्हटलं तर म्हणतात, "घरी कोण वाट बघतंय माझी?" हे त्या इतक्या सहज म्हणतात की आम्हीही तितक्याच सहज ऐकतो आणि घरी जातो.

शाळेत आग लागली तर काय करायचं याची जबाबदारी एका शिक्षकानं घ्यावी, असा विषय मिटिंगमध्ये निघाला तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदम पेपर तपासायचे आठवले. बाईंनी हात वर केला. तिथून आमची साडेसाती सुरू झाली.

पहिला मार बसला आमच्या शिपाईमामांना. खंडेनवमीला त्यांनी शाळेतल्या घंटेची, कुदळीची पूजा केली आणि त्याच भक्तिभावानं आग विझवायच्या लाल सिलिंडरलाही हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. हार घसरू नये म्हणून, आग लागली की जी ओढून काढायची त्या पिनेलाच चांगली निरगाठ मारली. "पूजा करा, मामा," बाई म्हणाल्या, "पण आग लागल्यावर मी काय आधी देव उतरवू?"

मग ड्रिल सुरू झालं. पहिल्या खेपेला बाईंनी घंटा वाजवली. आमच्या पोरांना घंटेचा एकच अर्थ ठाऊक. दप्तरं उचलून निम्मी शाळा फाटकाबाहेर, दोघं-तिघं तर वडापावच्या गाडीपाशी. पुढच्या खेपेपासून बाई घंटेऐवजी खिचडीची परात बडवू लागल्या. आता पोरं घरी जात नाहीत, पण एक भानगड उरलीच. आमच्याकडे चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत. परात वाजली की पोरं दाराशी येऊन वाकतात आणि आपापली चप्पल शोधायला लागतात. मागच्याचं डोकं पुढच्याच्या पाठीत, आणि दार बंद!

"चपला राहू द्या! चपला पुन्हा मिळतात!" बाई ओरडायच्या. जो वाकेल त्याच्याकडे बोट दाखवून निकाल द्यायच्या, "जळालास. जा, कडुलिंबाखाली बस."

मैदानातल्या कडुलिंबाखाली जळालेल्यांची रांग बसायची. एकदा मुख्याध्यापक टेबलावरचा चष्मा घ्यायला मागे वळले. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. दुसरीतल्या दोन पोरांच्या मधोमध साहेब मांडी घालून बसले. एका पोरानं त्यांना विचारलं, "सर, तुम्ही पण चपलेसाठीच का?"

या मेअखेरीला बाई निवृत्त होणार. फेब्रुवारीपासून माझ्यामागे त्यांचा एकच धोशा. "निकम सर, मला निरोपसमारंभ नको, साडी नको. एकदा, फक्त एकदा कडुलिंबाखाली कुणी नको." रोज परिपाठानंतर त्या पहिलीच्या पोरांना चपलांवरून उड्या मारायला लावायच्या. आम्ही हसायचो. पण त्यांची झोप उडाली होती, हे दिसत होतं.

एप्रिलमध्ये शेवटचं ड्रिल झालं. परात वाजली आणि काय सांगू, पोरं चपलांवरून बेडकांसारखी टुणटुण उड्या मारत बाहेर आली. कुणी वाकलं नाही. साहेब चष्म्याविना, चाचपडत का होईना, पण आले. मी पटावरची नावं घेतली. सगळे हजर. कडुलिंबाखाली चिटपाखरू नव्हतं. माझाच ऊर भरून आला.

पण हे बघायला बाई होत्या कुठे? सगळे वर्ग तपासून त्या शेवटी येणार होत्या. बराच वेळ झाला. तापलेल्या मातीवर पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. पहिलीतली ईश्वरी मात्र हलेना. व्हरांड्याकडे बघत तिनं एकदम भोकाड पसरलं.

तेवढ्यात बाई आल्या. पदराची झोळी केलेली आणि तिच्यात पहिलीच्या वर्गाच्या चपला. "ऊन बघा किती! पाय भाजतील ना लेकरांचे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

ईश्वरी धावत गेली. तिनं बाईंचं बोट धरलं आणि त्यांना ओढत कडुलिंबाखाली नेलं. "बाई, तुम्ही चपला घ्यायला थांबलात. तुम्ही जळालात!" हुंदके देत ती म्हणाली. "सगळे आले. तुम्हीच नाही आल्या. मी किती वाट बघत होते!"

एरवी मुख्याध्यापकांशीही हुज्जत घालणाऱ्या बाई मुकाट्यानं कडुलिंबाखाली बसल्या.

"माझी वाट बघत होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो. आता चपलांसाठी परत नका जाऊ हं."

"नाही गं जाणार," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला. झोळीतल्या सगळ्या चपला भदाभद खाली पडल्या. त्या उचलायला बाई वाकल्या नाहीत.