आर्गॉनचे फुगे

"आज येईन ती प्रयोगशाळेची प्रमुख होऊनच," असं नवऱ्याला बजावून मी घराबाहेर पडले. शंकेला जागाच नव्हती. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्याहून जुनं फक्त वजनकाट्याचं टेबल आहे, आणि टेबलाला बढती मिळत नाही.

माझा स्वभाव हेलियमचा. इलेक्ट्रॉनचं कवच पूर्ण, कुणाकडून काही घेणं नाही, कुणाला काही देणं नाही. माझ्या हाताखालचा सहकारी म्हणजे फ्लोरिन. दिसेल त्याला चिकटतो. मनातल्या मनात मी त्याला त्याच नावाने हाक मारते.

समारंभाची तयारी फ्लोरिनकडे होती. नव्या प्रमुखाच्या नावाची पाटी कापडाने झाकायची, कापडाला फुगे बांधायचे आणि फुगे खोक्यात कोंडायचे. मोठ्या साहेबांनी खोक्याची फीत कापली की फुगे वर, कापड वर, नाव समोर. कल्पना बरी होती. पण हेलियम संपला होता, आणि धातू तपासायच्या यंत्राचा आर्गॉनचा सिलिंडर ओढून फ्लोरिन फुगे भरत बसला होता.

"अरे, आर्गॉन हवेपेक्षा जड असतो," मी म्हटलं.

"ताई, दोन्ही निष्क्रिय वायू. एकाच घराण्यातले."

"घराणं एक म्हणून वजन एक नसतं. बघ, जमिनीवर लोळताहेत तुझे फुगे."

"खोक्यात कोंडले की जोर धरतील."

दोनदा सांगणं माझ्या स्वभावात नाही.

साहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. त्या थांबल्या तरी फुगे काही निघेनात. साहेबांनी वाकून एक फुगा वर उडवला. तो त्यांच्याच बुटावर येऊन बसला. मग खोकं कलंडलं, आणि पोतं फाटून बटाटे सांडावेत तसे फुगे सभागृहभर पसरले.

आता याची धडगत नाही, मला वाटलं.

"साहेब, हे मुद्दामच केलंय," फ्लोरिन पुढे सरसावला. "आमच्या प्रयोगशाळेचे पाय नेहमी जमिनीवर असतात."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. पुन्हा टाळ्या. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा हात पोचतो. जरा कापड काढता?"

मी काढलं. पाटीवर फ्लोरिनचं नाव होतं.

"तुमच्या कामाला तोड नाही," साहेब हळूच म्हणाले. "पण तुम्ही कुणात मिसळत नाही. प्रमुखाला माणसं जोडावी लागतात."

"ताई, राग नाही ना?" फ्लोरिनने विचारलं.

झेनॉनसारखा अलिप्त वायूसुद्धा फ्लोरिनशी संयोग पावतो. फक्त चांगला तापवावा लागतो. मी पुरेशी तापले होते. तोंडातून मात्र "अभिनंदन" एवढंच निघालं.

संध्याकाळी एक फुगा घेऊन घरी गेले.

"या, प्रमुखबाई," म्हणत नवऱ्याने दार उघडलं, फुगा घेतला आणि छताकडे सोडला. तो मुकाट्याने फरशीवर येऊन बसला.

"हा वर का जात नाही गं?"

"घराणं चांगलं आहे त्याचं," मी चपला काढत म्हटलं. "जळत नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण वर जायला तेवढं पुरत नाही."