दोघांची हवा

कांबळेअण्णा नव्या माणसाला भेटले की आधी जयभीम घालायचे आणि लगेच म्हणायचे, "चप्पल काढा बघू." समोरचा पावणा गांगरायचा. घरात शिरायचं नाही, देवळात जायचं नाही, मग भर शाहूपुरीत रस्त्याच्या कडेला हा बाबा चप्पल काय काढायला लावतोय? तोवर अण्णांनी त्याची कोल्हापुरी उचलून उलटी केलेली असायची. टाच किती झिजलीय, आतली कड गेलीय की बाहेरची, हे सगळं डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि निकाल द्यायचे.

"पावणं, तुम्ही पाय घासत थांबताय. म्हंजे गाडीबी करकचून ब्रेक मारूनच थांबवत असणार. तुमास्नी मऊ रबराचं टायर पायजे. न्हायतर पावसात आडवं व्हशीला."

अण्णांचं टायरचं दुकान होतं असं समजू नका हं. ते आणि मी एका बियाणं कंपनीत फिरतीवर होतो. ते मुरलेले, मी नवखा. नव्वदचं दशक ते. हाताखाली कंपनीची मोटारसायकल आणि आठवडाभर गडहिंग्लज, नेसरी, चंदगड असं उन्हापावसात हिंडायचं. शेतकऱ्याला बी देण्याआधी अण्णा त्याच्या रानातली माती चिमटीत चोळून बघत. तीच खोड त्यांनी टायरला लावली होती. "जमीन बघून बी आन माणूस बघून टायर," हे दिवसातनं एकदा तरी ऐकावं लागायचंच.

माझं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं. "मर्दा, तू वळणावर गाडी पार झोपवतोस. तुझं टायर मधनं कोरं आन कडंला खाल्लंय. कडंला धरणारी नक्षी घे, आन लगीच घे." मी बरं म्हटलं आणि विसरलो. त्या वयात कोण टायर बघतंय!

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी अण्णांना बोलावून बसवलं. हीच माझी चूक. पोहे आले आणि अण्णा गायब. बघतोय तर दारात नवऱ्या मुलाच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले, मागच्या टायरला अंगठ्याचं नख लावून! आत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं रागीट हाय. टायर चट्ट्या-चट्ट्यानं खाल्लंय." मुलाचे वडील ताडकन उठले. मुलगा बिचारा घाबरून म्हणाला, "गाडी माझी नाही हो, मित्राची आहे." अण्णा शांतपणे पोह्यांची बशी उचलत म्हणाले, "मग मित्राला पोरगी देऊ नगा." लग्न ठरलं, झालं, मेव्हणा अगदी गरीब गाय निघाला. पण बहीण अजून त्या मित्राला चहाला बोलवत नाही.

आता एवढा जाणकार माणूस स्वतः गाडी कशी चालवत असेल? भीत भीत! नुसती भीती. ओलं शेण, उसाच्या ट्रॉलीतनं पडलेला पाला, कारखान्याच्या टँकरमधनं सांडलेली मळी, स्पीडब्रेकरवरचे पांढरे पट्टे, यातलं काहीही दिसलं की अण्णा खाली उतरायचे आणि म्हैस पाण्याला न्यावी तशी गाडी हातानं चालवत न्यायचे. मागं चिखलात धरणारं बटणाचं टायर. डांबरावर ते असं घोंघावायचं की अण्णा येताहेत हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आधी कळायचं. त्यांच्यासोबत हिंडून हिंडून मीही वळणावळणाला ब्रेक दाबायला लागलो. आयला, माझ्यासारखा माणूस!

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. हवा भरायला गेले की अण्णा सांगायचे, "मागं दोघांची भरा." मागं कुणी बसणार असेल तर हवा जादा लागते, हे बरोबर. पण अण्णांच्या मागं कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. मलासुद्धा ते डबलसीट घेत नसत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बाजाराला चालत जात आणि माहेरी चंदगडला एसटीनं. मी एकदा विचारलं, "अण्णा, मागं बसतंय कोण तुमच्या?" "असू दे की," म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

पुढं एका जुलैत ते कळलं.

आम्ही नेसरीत एका दुकानात बसलो होतो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. दुकानातला फोन वाजला, तो अण्णांच्या शेजाऱ्यांचा. अण्णांची लेक सुजाता पहिल्या बाळंतपणाला कोल्हापुरात माहेरी आली होती. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय, डॉक्टर अवघड म्हणताहेत आणि पोरगी सारखी आईला हाका मारतीय. आणि आई नेमकी चंदगडला भावाकडं! त्या रस्त्यावर झाड पडलेलं, एसट्या बंद. कडेनं मोटारसायकल तेवढी निघत होती.

आम्ही तसेच चंदगड गाठलं. निरोप वहिनींना मिळाला होता. रिकाम्या स्टँडवर पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. अण्णा गाडीवरनं उतरले ते माझ्याकडं वळले.

"तू घे हिला. माझ्या मागं ती न्हाय बसायची."

"का हो?"

"ह्याच रस्त्यावर पाडलंय मी हिला." आवाज फाटला होता. "टकलं टायर हुतं. हंगाम संपला की बदलू म्हणत ऱ्हायलो. पोटुशी हुती. सुजाताच्या आधीचं पोर. गेलं ते."

बोलता बोलता अण्णा सवयीनं माझ्या मागच्या टायरपाशी वाकले, नख लावलं आणि तसेच वर बघायला लागले. तोंडावर रक्त म्हणून नव्हतं. "बदललं न्हाईस? ह्याच्यावर कशी बसवू मी हिला?"

माझ्या गाडीवर बसवायचा धीर नाही, स्वतःच्या गाडीवर तर त्याहून नाही. तिकडं लेकीच्या जिवावर बेतलेलं.

वहिनी सरळ अण्णांच्या गाडीपाशी गेल्या. वाकून मागच्या टायरला अंगठ्याचं नख लावलं, अगदी अण्णांसारखं.

"दोघांची हवा हाय न्हवं?"

"हाय."

"रोज बघताय?"

"रोज."

"मग चला की. पोरगी वाट बघतीया."

आणि बसल्या.

मी मागनं निघालो. धुकं असलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. दर मोरीला मला वाटायचं, आता पडले, आता पडले. नेसरीच्या अलीकडं एका वळणावर डोंगरातला तांबडा चिखल सगळ्या रस्त्यावर आला होता. अण्णांनी गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकले.

"उतर. मी हातानं नेतो."

"न्हाय उतरत."

"अगं, हितंच..."

"ठावं हाय मला, हितंच. चालवा तुम्ही."

वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी निघाली. मधोमध मागचं चाक जरासं सरकलं. मग बटणांनी चिखल धरला, गाडी सावरली आणि पलीकडं गेली. मी मात्र उतरून माझी हातानं नेली. उगीच खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी कोल्हापुरात पोचलो. वहिनी ओल्या लुगड्यानिशी तडक आत पळाल्या. आम्ही बाहेर बाकड्यावर. अण्णा घोटभर पाणीसुद्धा घेईनात. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सुजाता वाचली होती. मुलगी झाली होती, हातभरसुद्धा नाही, पण रडत होती खणखणीत.

वहिनींनी नात आणून अण्णांच्या ओंजळीत दिली. सोबत आलेले शेजारी म्हणायला लागले, कुणाच्या वळणावर गेलीय बघा, नाक बघा, कपाळ बघा. अण्णांनी नाक बघितलं नाही की कपाळ बघितलं नाही. दुपट्याचं टोक हळूच बाजूला केलं आणि बोटभर पाऊल डोळ्यांजवळ धरून तळवा बघत राहिले.

"कुठंच झिजलेलं न्हाय की गं," एवढंच वहिनींना म्हणाले आणि त्या तळव्याला गाल लावून भर दवाखान्यात ओक्साबोक्शी रडायला लागले.