काकांची सन्मानपूर्वक गच्छंती

मंडळी, भाषण म्हणजे माझ्या हातचा मळ! मी कारखान्यात खोकी रवाना करतो खरा, पण माझी भाषा ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, हा माणूस खोक्यांत कसा अडकला?

त्यामुळे स्टोअरवाले काका निवृत्त व्हायचे ठरले तेव्हा निरोपाचं भाषण मी स्वतःच माझ्याकडे ओढून घेतलं.

"साधं 'निवृत्त' म्हणा," बायकोने बजावलं.

"निवृत्त काय, कोणीही होतं! काकांसाठी भारदस्त शब्द हवा. पदच्युत!"

"त्याचा अर्थ ठाऊक आहे का?"

"अगं, अच्युत हे देवाचं नाव. म्हणजे पदच्युत केवढा पवित्र शब्द असेल!"

बायकोने कपाळावर हात मारला. मला वाटलं, भारावली!

कॅन्टीनमध्ये समारंभ होता. पहिल्या रांगेत काकू ठेवणीतले कपडे घालून ताठ बसल्या होत्या. शेजारी काका, मान खाली घालून. कौतुकाची सवय नव्हती बिचाऱ्यांना. मी माइक हातात घेतला आणि गरजलो, "आज आपण काकांना अत्यंत आनंदाने पदच्युत करत आहोत!"

टाळ्यांसाठी थांबलो. पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"अहो!" काकू काकांकडे वळल्या. "तुम्हाला काढून टाकलं? आणि मला घरी सांगितलंही नाहीत?"

"नाही गं! वय झालं माझं!"

"म्हणूनच महिनाभर गप्प गप्प होतात होय!"

मागून एक हमाल कुजबुजला, "काय चोरलं म्हणे?"

पण हार मानेन तो मी कसला! "कृपया गैरसमज नको! ही हकालपट्टी नव्हे! ही सन्मानपूर्वक गच्छंती आहे!"

काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला. झालं! मी भारदस्त शब्द सोडले आणि एकदम साध्या भाषेवर आलो.

"मंडळी, काकांना कोणीही घालवलं नाही! काका आपणहून गेले! आज काका आपल्यातून गेले हो!"

नेमक्या त्याच क्षणी दार उघडलं. नवे मॅनेजरसाहेब! नुकतेच रुजू झालेले, चेहऱ्याने कोणाला ओळखत नव्हते. त्यांना काय दिसलं? टेबलावर फुलं, हुंदके देणाऱ्या काकू आणि माइकवर रडवेला मी.

साहेबांनी मान झुकवली. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

साहेबांचा हुकूम! खुर्च्या करकरल्या, अख्खं कॅन्टीन उभं राहिलं. आणि काकाही उठले! उभ्या जन्मात कधी वरिष्ठांचा शब्द मोडला नव्हता त्यांनी.

"अहो, निदान तुम्ही तरी बसा!" काकू त्यांची बाही ओढत होत्या.

स्तब्धता संपल्यावर साहेब काकांजवळ गेले, हळुवार आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. आपण त्यांचे कोण?"

"मीच तो," काका म्हणाले.

यावर कॅन्टीन जे फुटलं! लोक टेबलं बडवून हसले. काका कसंनुसं हसले, फुलं उचलली आणि काकूंना घेऊन निघाले. साहेब त्यांच्या मागे दारापर्यंत गेले, मी माइकपाशीच राहिलो. साहेबांनी दोनदा माफी मागितली. माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

संध्याकाळी तोंड लपवत काकांच्या घरी गेलो. फुलं पाण्याच्या तांब्यात होती. काका खिडकीपाशी बसले होते. 'चालता हो' म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बस. दमला असशील."

"काका, मला जोड्याने मारा."

"माझं काही नाही रे. मला सवय आहे. पण ही आज पहिल्यांदाच आली होती कारखान्यात. चार चांगले शब्द कानावर पडतील म्हणून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काकूंनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"बरं ते जाऊ द्या. इतकं बोललात, पण एक राहूनच गेलं. हे तिथे नेमकं करायचे काय?"

खरंच की! काकांच्या जाण्याला मी इतके शब्द शोधले, पण त्यांच्या कामाला एकही नाही! मी चटकन कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि उभा राहिलो.

"तू बस," काका घाईघाईने म्हणाले. "मीच सांगतो."