सपकाळ भावोजी मागे येत नाहीत

या, जरा पुढे सरका. मागे उभं राहून निम्मं ऐकायचं आणि निम्मं पदरचं घालून शेजारी सांगायचं, ही तुमची सवय मला चांगली ठाऊक आहे. तो मोबाईल पालथा ठेवा आधी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सपकाळ भावोजींचं सांगते.

तर हा माणूस गाडी मागे घेत नाही.

गाडी म्हणजे त्यांची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप. जमीन मोजणीच्या खात्यात असताना ज्या जीपमधून हिंडले, तीच निवृत्तीनंतर लिलावात घेतली. तिला रिव्हर्स गिअर आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण आठ महिन्यांपासून भावोजींनी त्याला हात लावला नव्हता. धायरीच्या गल्लीत एकदा समोरून दुधाचा टेम्पो आला. भावोजींनी इंजिन बंद केलं, पेपर उघडला आणि अग्रलेख वाचायला घेतला.

"ओ काका, घ्या की जरा मागं!"

"सपकाळ मागे येत नाही," पेपरामागून उत्तर आलं. "नोंद घ्या."

अग्रलेख संपायच्या आत टेम्पो मागे गेला. आमच्या सोसायटीतही तेच. सगळे लोक गाडी मागे घेऊन बाहेर काढतात. हे इमारतीला प्रदक्षिणा घालून, माझ्या कुंड्यांना घासून बाहेर पडत. दोन गुलाब गेले माझे. बोलायला गेले तर म्हणाले, "वहिनी, कुंड्या वहिवाटीच्या रस्त्यात आहेत. नोंद घ्या." घेतली. तिसरी कुंडी दगडाची आणली.

दुसरं खूळ ऐका. जीपमध्ये मोठ्या गिअरशेजारी एक छोटा लीव्हर असतो. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. चिखलात ओढायचा, डांबरी रस्त्यावर आलं की सोडायचा. हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण स्वतः निवृत्त झाल्यावर त्यांनी तो सोडणंच सोडलं. "दोन चाकं कामावर आणि दोन पेन्शनीत, असं माझ्या गाडीत चालणार नाही!" चारही चाकांना कामाला जुंपून हे भाजी आणायला जाणार.

व्हायचं तेच झालं. पुढच्या चाकांकडे जोर नेणारा जो लोखंडी शाफ्ट असतो, तो खडखडायला लागला. जीप पंचवीस पावलं गेली की खालून कुणी घण मारल्यासारखा आवाज. तो शाफ्ट काढून ठेवला असता तर जीप मागच्या दोन चाकांवर खुशाल चालली असती. पण तो निघेना.

आणि रविवार तोंडावर आला होता.

रविवारचं काय, ते सांगते. भावोजींची बायको कुसुम नातवाला सांभाळायला मुलाकडे हिंजवडीला गेली होती. दोन महिन्यांचे आठ झाले. नातू आता पाळणाघरात जाणार होता, म्हणून कुसुमने फोनवर सांगितलं, "रविवारी जीप घेऊन या, मी बॅग भरून बसते. नाही आलात तर सून म्हणतेय, दिवाळीपर्यंत राहा. मग राहीन बापडी." भावोजींनी आपल्या ठरलेल्या आवाजात "बघू" म्हणून फोन ठेवला, आणि पाचव्या मिनिटाला ते जीपखाली होते.

आठवडाभर मी भावोजींच्या तळव्यांशी बोलत होते. तेवढेच बाहेर दिसत.

"भावोजी, चहा."

"ठेवा." उजवा अंगठा हलला.

"रिक्षाने जा ना आणायला."

"तिने जीप म्हटलंय." दोन्ही पाय ताठ.

तेल पाजून झालं, हातोडी झाली. शुक्रवारी नट निघाले, पण शाफ्ट जागचा तसूभर हलेना. त्या संध्याकाळी तळवे नुसतेच पडून होते. मी म्हटलं, "आवाज नाही?" तर खालून आलं, "दिवाळीला किती दिवस आहेत, वहिनी?"

शनिवारी मीच सिंहगड रस्त्यावरच्या शंकर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खाली वाकून एकदाच पाहिलं. "काका, छोटा लीव्हर वढूनच ठेवलाय व्हय? डांबरावर पीळ बसलाय सगळा. आता लीव्हरबी सुटंना आन् शाफ्टबी. गंजानं न्हाय, पिळानं धरून ठिवलंय."

"म्हणजे परकराच्या नाडीची गाठ," मी म्हटलं. "ओढत बसलं की घट्ट होते. आधी सैल सोडावी लागते."

"आजींना कळलं बगा! नट परत बसवतो. मग चार फूट गाडी मागं घ्या, पीळ आपोआप उतरंल."

भावोजी ग्रीसचे हात पुसत राहिले. "दुसरा उपाय?"

"हाय की. दिवाळीपर्यंत वाट बगायचा."

मिस्त्रींना बिचाऱ्यांना दिवाळीचं काही ठाऊक नव्हतं. भावोजी मात्र निमूट जीपमध्ये चढले. इंजिन सुरू झालं. रिव्हर्स पडल्याचा कर्रर्र आवाज आला. आणि जीप तिथेच. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. नजर मागे सारखी कुणाला तरी शोधत होती.

मी कुंड्या वाचवायला म्हणून मागे जाऊन उभी राहिले, हात वर केला आणि म्हटलं, "येऊ द्या... येऊ द्या..."

इंजिन बंद.

भावोजी खिडकीतून डोकं काढून, अगदी हळू म्हणाले, "वहिनी, तेवढं 'येऊ द्या' नका म्हणू. ते तिचं आहे. तुम्ही दुसरं काहीही म्हणा."

तेव्हा मला आठवलं. कुसुम रोज मागे उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची आणि बास झालं की जीपच्या पाठीवर दोन थापा मारायची. आठ महिने मी या माणसाला अडेलतट्टू म्हणत होते.

मग मी "चला, चला" म्हटलं. जीप चार फूट मागे आली, खालून टण्ण आवाज झाला आणि छोटा लीव्हर लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला. मिस्त्री खाली गेले. नट काढून एकच हलका टोला मारला आणि शाफ्ट अलगद हातात.

रविवारी दुपारी मी गॅलरीत वाळवण उलटत होते. जीप फाटकातून आत आली. पार्किंग सगळं रिकामं होतं, सरळ आत घालायची आणि उतरायचं. पण भावोजी पुढे गेले, वळवली आणि थांबले. कुसुम बॅग घेऊन उतरली, मागे जाऊन उभी राहिली.

"येऊ द्या," ती म्हणाली.

किती सावकाश घेतली हो त्यांनी ती जीप मागे! भिंत आली तरी दोन थापांची वाट बघत होते.

तर आता तुम्ही गाडी घेऊन या एकदा आमच्या घरी. फोनवर "बघू" म्हणून टाळू नका. आमची गल्ली अरुंद आहे, जाताना गाडी मागे घ्यावी लागेल. त्याची काळजी नको, मी उभी राहीन. कुंड्या तेवढ्या सांभाळा.