तोमिएबाईंच्या मागे लागलेल्या गाड्या

नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच गाडी बाहेर काढायची, म्हणून तोमिएबाईंनी आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि मग गाडीपुढेही.

परवाना होता, तोही सोनेरी पट्टीचा. वर्षानुवर्षं एकही गुन्हा न करणाऱ्यालाच तसा मिळतो. तोमिएबाईंनी लग्नानंतर स्टिअरिंगला हातच लावला नव्हता, मग गुन्हा घडणार कुठून?

"बसनं जा की," शेजारीण म्हणाली.

"बस पोचते तेव्हा प्रवचन संपलेलं असतं गं."

तळ्याच्या उत्तर काठच्या देवळात एशुनबुवांचं प्रवचन होतं. बुवा सूर लावून सांगत. आवाज वर चढला की अख्खं देऊळ 'नामु अमिदा बुत्सु' असं बुद्धाचं नाम घेत झुलायला लागे, आणि डोळे कधी भरून आले ते कळतही नसे. बुवा आता थकले होते. ही त्यांची शेवटची फेरी. आजचं चुकलं की कायमचं चुकलं.

गळ्यात भक्तांची पट्टी घालून, नाम घेत त्या निघाल्या. तळ्याचं पाणी एका बाजूला चमकत होतं, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडीही तिकडेच गेली असती.

थोड्या वेळानं आरशात एक पांढरी गाडी दिसली. तिच्यामागे आणखी एक. वळण संपलं तेव्हा मागे मिरवणूकच होती. कुणी भोंगा वाजवत नव्हतं, पुढेही जात नव्हतं. तोमिएबाईंना वाटलं, इतकी मुकाट माणसं म्हणजे नक्कीच फार चिडलेली असणार.

त्यांनी कडेला घेऊन दिवे लुकलुकवले. पांढरी गाडीही कडेला थांबली. तिच्यामागे सगळ्या थांबल्या.

"पुढे व्हा ना रे बाबांनो," तोमिएबाई काचेआड पुटपुटल्या. शेवटी मंडळींना वाट मोकळी करून द्यावी म्हणून त्या दिसेल त्या बोळात वळल्या. आरशात पाहिलं, तर मिरवणूकही वळली होती. बोळ एका अंगणात जाऊन संपला. शेवटच्या गाडीचं चाक पाटात घसरलं आणि परतीची वाट बंद झाली.

अंगणात इसाकु म्हातारा पर्सिमनची फळं सोलत बसला होता. देवळाच्या पायरीला त्याचा पाय जन्मात लागला नव्हता. त्यानं गाड्यांवरून नजर फिरवली. "कोण मेलंय?"

तोमिएबाई उतरून कमरेत वाकल्या. "माफ करा. या मंडळींना वाट द्यायला वळले."

पांढऱ्या गाडीतला तरुणही वाकला. "माफ करा आजी, आम्ही तुमच्याच मागे होतो. मी परगावचा. तुमच्या गळ्यातली पट्टी बघून म्हटलं, तुम्ही देवळातच चालला असाल."

"आणि तुम्ही?" तोमिएबाईंनी बाकीच्यांना विचारलं. ते सगळे गावचेच होते. "तुम्हाला तर रस्ता माहीत होता."

"होता की. पण पुढे बुवांची गाडी. वाटलं, त्यांना आधी इकडे कुणाला भेटायचं असेल. विचारायचं कसं?"

"बुवा कुठायत?"

तरुणानं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "मामा झोपलेत."

दार उघडून बुवा डोळे चोळत उतरले तेव्हा तोमिएबाईंना वर बघवेना. "माझ्यामुळं सगळ्यांचं प्रवचन बुडालं, बुवा."

"बुडेल कसं? ते मी बरोबरच आणलंय." बुवांनी अंगणभर नजर टाकली आणि इसाकुला म्हणाले, "मालक, त्या भाताच्या पोत्यांवर बसलो तर चालेल?"

"नाही म्हटलं तर जाणार कुठून?" इसाकु म्हणाला आणि पाठ करून फळं सोलत बसला.

बुवांनी सूर लावला. दोरीवर वाळत घातलेल्या मुळ्यांखाली मंडळी झुलू लागली. तोमिएबाई पोत्यांना टेकून, अगदी पुढे, पदोपदी डोळे पुसत होत्या. सूर वर चढला तेव्हा इसाकुची सुरी थांबली होती. फळ अर्धंच सोललेलं होतं, आणि ते तसंच हातात राहिलं.

प्रवचन संपल्यावर त्यानं ट्रॅक्टर आणून पाटातली गाडी ओढून काढली. मग तोमिएबाईंपाशी येऊन म्हणाला, "आजन्म देऊळ टाळलं मी. तर बाईसाहेब, तुम्ही ते दारात आणून उभं केलंत."

"माफ करा," तोमिएबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. आता फक्त हळूहळू घरी पोचायचं, मागे कुणी नाही, घाई नाही. त्या स्टिअरिंगपाशी बसल्या, तेवढ्यात शेजारचं दार उघडून एशुनबुवा आत बसले.

"मला स्टेशनवर सोडा," पट्टा लावत ते म्हणाले. "भाचा फार जोरात हाणतो. तुमच्या मागं मात्र कशी छान झोप लागली होती."