ऐंशी की बहात्तर

ऐंशी की बहात्तर?

बॅलरॅटला सकाळी दोन अंश.

काम झाल्यावर फाइलचे कुलूप मागणाऱ्याने काढावे.

मुलीचे नेटबॉलचे सामने, अकरा वर्षांचे.

कोणतीही व्यवस्था टिकते ती तपासणीमुळे. फाइली साठवणारी आमची यंत्रणा जगभरच्या संगणकांत बसली आहे (तिच्यावर काम करणारे आम्ही एकूण एकोणीस), त्यामुळे तिच्यात तपासल्याशिवाय काहीच जात नाही.

होबार्टच्या टॅमसिन ऑरने त्यातले एक फंक्शन सोपे केले. पूर्वी त्याला सहा गोष्टी सांगाव्या लागत, आता दोन पुरतात. फाइलचे कुलूपही (एका वेळी एकाच प्रोग्रॅमने लिहावे म्हणून लावलेले) ते आपले आपणच काढते. टॅमसिन कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर होती. ही दुरुस्ती मंजूर झाली आणि टिकली, तर नोकरी पक्की.

दुरुस्तीत कोड चारशे ओळींचा, आणि तो कसा वापरावा हे सांगणारी टीप सहा ओळींची. कोड एकतीस मिनिटांत मंजूर झाला. टिपेला नऊ आठवडे लागले. यात नवल नाही. कोड आधी समजावा लागतो. टिपेवर मत द्यायला ती अट नाही.

बॅलरॅटचे फर्गस प्रॅटली आमच्यात ज्येष्ठ. त्यांच्या मते टिपेची ओळ बहात्तर अक्षरांची हवी. डनीडिनच्या नायरी ऐंशीवर ठाम. उत्तरांचे ईमेल एकशे त्रेचाळीस (काही बॅलरॅटच्या थंडीबद्दल; टिपेत लिहिले काय आहे, याबद्दल शून्य). टॅमसिनने टीप अकरा वेळा मोडून जुळवली.

"पोरी, घाई कसली? टीप म्हणजे दगडावरचं कोरीव काम," फर्गसनी लिहिले.

"मग फर्गस, दगड किती रुंद तेवढं एकदा ठरवून टाका," टॅमसिनने कळवले.

शहात्तरवर तडजोड झाली. तपासल्याची सही पहिली फर्गसची.

पुढच्याच आठवड्यात फर्गसनी घरच्या फाइलींसाठी (मुलीच्या नेटबॉल सामन्यांचे चित्रण) एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा त्यांनी ती टीप प्रथम वाचली, आणि तिच्याबरहुकूम कुलूप काढले. ते फंक्शनने आधीच काढले होते. फर्गसनी काढले ते रांगेतल्या पुढच्या प्रोग्रॅमचे. दोन प्रोग्रॅम एकाच फाइलीत लिहू लागले. अकरा वर्षांच्या नेटबॉलची खिचडी झाली.

"हे तपासलं कुणी?" त्यांनी सर्वांना विचारले.

दुरुस्ती ज्याची, चूक त्याची, यावर एकोणीसपैकी अठरा जणांचे चार मिनिटांत एकमत झाले. शुक्रवारी टॅमसिनने कंपनीचे ओळखपत्र परत केले.

आमच्यावर हसायला हरकत नाही. ते चुकीचे वाक्य या गोष्टीत वरून तिसरे आहे. तुम्हीही ते ओलांडूनच इथवर आलात.

टॅमसिनच्या पहिल्या ईमेलात शेवटची ओळ अशी होती: टिपेतल्या कुलपाच्या वाक्याबद्दल मला खात्री नाही, कृपया कुणीतरी पाहावे.