पंचवीसचं सतरा

“राउंड फिगर करू का सर?” पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीने विचारलं आणि विचारताक्षणीच तिला आपली चूक कळली.

“अजिबात नाही,” अनंतराव तोडणकर म्हणाले. “पहिली टक झाली की नोझल बाहेर. दर वेळी सांगायला लागतं.”

श्रीवर्धनच्या त्या पंपावर अनंतराव महिन्यातून दोनदा येत. मशीन तीन नंबरचंच. ते मोकळं नसलं तर शेजारची दोन रिकामी सोडून रांगेत उभे राहत. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं पाहिजे, कारण गाडी एका अंगाला कलली तर टाकीतली पातळीही कलते. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी झालेली. नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत आणून मधोमध वाचायचं, कडेला नाही, हे त्यांनी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. निवृत्तीनंतर घेतलेल्या हायब्रिड गाडीलाही त्यांनी तोच नियम लावला होता. टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा त्याच मशीनवर फुल करायची, आणि किलोमीटरला लिटरने भागून उत्तर वहीत लिहायचं. गेले आठ महिने ते उत्तर पंचवीसच्या खाली आलेलं नव्हतं.

त्या दिवशी मशीनवर आकडा आला छत्तीस पूर्णांक दोन. गाडी धावली होती सहाशे अकरा किलोमीटर. अनंतरावांनी दोनदा भागाकार केला. दोन्हीदा उत्तर सतराच्याही जरा आतच आलं.

“तुमचं मशीन बिघडलंय,” त्यांनी सांगितलं.

आत जाऊन प्रणालीने पाच लिटरचं पितळी माप आणलं आणि त्यात पाच लिटर पेट्रोल सोडलं. अनंतरावांनी चष्मा पुसला, गुडघे वाकवून डोळा मापाच्या रेषेत आणला. पातळी रेषेवर होती. मागे तीन रिक्षा आणि एक टेम्पो हॉर्न वाजवत होते. एक रिक्षावाला म्हणाला, “बरोबर हाय का ओ सर? का पुन्ना वर्ग भरवायचा?”

मशीन निर्दोष सुटल्यावर संशय गाडीवर आला. अनंतरावांनी पनवेलच्या शोरूमला फोन केला.

“एसी जास्त वापरता का सर?” तिथल्या मुलीने विचारलं.

“मी एसी लावत नाही.”

“मे महिन्यातही?”

“कधीच लावत नाही,” अनंतराव म्हणाले.

ते खरंच होतं. मुलगी तेजस्वी अलिबागला शिक्षिका होती. दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन येताना त्यांची बायको विनिता शेजारच्या सीटवर पदराने वारा घेत बसायची. एसीने पेट्रोल जातं म्हणून एसी बंद, आणि वेगात काच उघडी ठेवली तर हवेचा अडथळा होऊन पेट्रोल जातं म्हणून काचाही बंद. म्हसळ्याचा घाट चढेपर्यंत तिचा चेहरा लाल व्हायचा. अनंतराव तेव्हा तिला समजावून सांगायचे, “ही गाडी हुशार आहे. उभी राहिली की इंजिन आपोआप बंद. मग सगळं बॅटरीवर. पेट्रोलचा एक थेंब जात नाही.” हे त्यांनी तिला सांगितलं होतं, शेजारच्या बाळाजी खोपकरला सांगितलं होतं, त्याची बायको केसर हिला सांगितलं होतं आणि आळीतल्या बाकीच्यांनाही सांगितलं होतं.

गळती आहे का हे बघायला त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. दोन दिवसांनी त्यावर एक पाल आणि थोडा पालापाचोळा निघाला, पेट्रोलचा डाग नाही. गळती नाही, माप बरोबर, एसी बंद. मग उरली चोरी.

“आपल्या आळीत कोण चोरणार?” विनिता म्हणाली.

“तेच शोधायचंय.”

“उगाच कुणावर आळ घेऊ नका हां. भलतंच व्हायचं काहीतरी.”

अनंतरावांनी तपास सुरू केला. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली असायची, कुलूप न लावता. गावात तशी वेळ कधी आली नव्हती. पेट्रोलच्या झाकणाचा खटका आतल्या बाजूला होता, म्हणजे चोर आत शिरत असणार. त्यांनी आतली सीट तपासली. मागच्या सीटच्या कडेला त्यांना जांभळट लाल डाग सापडला. बोट लावून त्यांनी वास घेतला. रातांबा. आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं अख्ख्या आळीत एकाच्याच वाडीत होती. बाळाजीच्या.

बाळाजी आणि अनंतराव पहिलीपासून एका बाकावर बसलेले. दोघांच्या वाड्यांना मिळून एकच विहीर आणि तिच्यावर एकच पंप. चक्रीवादळात अनंतरावांच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हा बाळाजीने स्वतःची वाडी तशीच टाकून आधी यांची साफ करून दिली होती. पण याच बाळाजीने पाडव्याला गवत कापायचं मशीन घेतलं होतं. ते पेट्रोलवर चालायचं आणि हल्ली दिवसभर चालू असायचं.

ते दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्यापाशी गेले. बाळाजी मशीन पुसत बसला होता.

“काय रे बाळाजी, बरंच काम चाललंय मशीनचं.”

“व्हय. गवात किती वाडलाय बघतोस ना.”

“पेट्रोल किती खातं?”

“खातंय आपलं.”

“आणि ते आणतोस कुठून?”

बाळाजीने फडकं खाली ठेवलं. “म्हंजे? पेट्रोल कुटून आणतात अनंता? पंपावरनं.”

“नाही, सहज विचारलं. माझ्या गाडीतलं कमी होतंय.”

“मग?”

“गाडीत रातांब्याचा डाग आहे.”

बाळाजी उठून उभा राहिला. एवढंच म्हणाला, “पन्नास वर्सं झाली रे आपल्याला.” आणि मशीन उचलून घरात गेला.

अनंतरावांना वाईट वाटलं. पण आकडा सतरा होता, त्याला त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी गाडीला कुलूप लावायला सुरुवात केली. चावी खिशात. दुसरी चावी घरात खुंटीवर होतीच. आठवडाभराने, टाकी संपायची वाट न बघता, ते पुन्हा तीन नंबरच्या मशीनवर गेले. पुन्हा सतरा. कुलूप असूनही चोरी होत होती, म्हणजे चोर सराईत होता.

तोवर गोष्ट आळीभर झाली होती. बाळाजीने विहिरीवरच्या पंपाची वेळ बदलून घेतली, म्हणजे दोघांची गाठ पडायला नको. केसर मात्र नेहमीसारखी येत होती, फक्त अनंतराव दिसले की मान खाली घालायची. अनंतरावांना तो पुरावाच वाटला. शेवटी त्यांनी तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला. सोबत वहीच्या चार पानांची झेरॉक्स जोडली.

समितीचे अध्यक्ष सीतारामभाऊ एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी झेरॉक्स वाचली आणि रविवारी सकाळी अकराला अंगणात पाहणी ठेवली. सोबत समितीचे दोन सदस्य आले. बाळाजीला निरोप होताच. तो येऊन गडग्याला टेकून उभा राहिला, अंगणात काही आला नाही. विनिता आणि केसर ओटीवर बसल्या.

अनंतरावांनी सगळं क्रमाने सांगितलं. पाच लिटरचं माप, वर्तमानपत्र, रातांबा. सीतारामभाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“अनंतराव, ह्या गाडीत पुढं आवरेज दिसतंय ना?”

“दिसतं. पण मी ते बघत नाही. कंपनी स्वतःच्या गाडीचं गुणगान गाणारच. मी तो पडदा बदलून तिथे बाहेरचं तापमान लावून ठेवलंय.”

“दाखवा बघू.”

अनंतरावांनी गाडी चालू केली, दोनचार बटणं दाबली. पडद्यावर आकडा आला. सतरा पूर्णांक चार.

“बघा,” अनंतराव म्हणाले, “गाडीसुद्धा सतराच सांगते!”

सीतारामभाऊ गालात हसले. “डेपोत डिझेल कमी भरलं की आमचे साहेब पयला सवाल टाकायचे, गळलं, चोरलं का जळलं? आता मला सांगा. टाकीत नळी घालून कोनी पेट्रोल काढलं, तर ते ह्या पडद्याला कसं कळंल? पडदा मोजतो ते विंजिनात गेलेलं. चोरी असती तर तुमच्या वहीत सतरा आलं असतं आणि हितं पंचवीसच दिसलं असतं.”

तापमानाच्या पडद्यामागे उत्तर लपलेलं होतं आणि ते झाकलं होतं खुद्द अनंतरावांनीच. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने अशी चूक केली असती, तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

“म्हणजे गाडीनेच जाळलं?” त्यांनी विचारलं. “पण मी चालवल्याशिवाय ती जाळेल कशी?”

केसर एकदम उभी राहिली. “वयनी, तुम्ही सांगता का मी सांगू?”

“काय सांगायचंय?” विनिता म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता.

“माझ्या घोवाला चोर केलान सगळ्या गावानं. आता मी न्हाय गप बसनार.”

मग ते बाहेर आलं. एप्रिलच्या शेवटापासून गावात विजेच्या लाइनचं काम चालू होतं. रोज दुपारी साडेबारा ते तीन वीज नसायची. अनंतराव जेवून मागे वाडीत विहिरीजवळ चटई टाकून झोपायचे. पुढे शेडमध्ये विनिता खुंटीवरची चावी घेऊन गाडीत बसायची आणि एसी लावायची. पहिल्या दिवशी एकटी बसली. दुसऱ्या दिवशी केसरला हाक मारली. केसर रातांबे फोडता फोडता तशीच उठून आली होती. मग आळीतल्या बाकीच्या बायकांना कळलं. आत पाच जणी मावायच्या, म्हणून त्यांनी वार ठरवून घेतले होते.

अनंतरावांनी बायकोकडे बघितलं. “एवढे दिवस? आणि मी चोर शोधतोय, ते दिसत नव्हतं तुला?”

“अहो पण पेट्रोलचा काय संबंध?” विनिता कळवळून म्हणाली. “तुम्हीच सांगितलं होतंत ना, गाडी उभी असली की सगळं बॅटरीवर, थेंब जात नाही म्हणून? मला वाटलं, फुकटचंच आहे. एसीला बोलाल म्हणून सांगितलं नाही, एवढंच.”

“मदनंमदनं घुरघुरायची,” केसर म्हणाली, “पन आमाला वाटलं एसीच घुरघुरतोय.”

“बॅटरी उतरली की ती भरायला इंजिन सुरू होतं,” अनंतराव पुटपुटले. ही अर्धी गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगायला ती तेवढी चांगली वाटत नव्हती.

सीतारामभाऊंनी अर्जाची घडी करून खिशात घातली. सदस्यांपैकी एक जण मोठ्याने हसला आणि हसला म्हणून त्याला खोकला आला. अनंतराव गडग्याकडे वळले.

“बाळाजी, चुकलं माझं.”

बाळाजीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. चहा येईपर्यंतही तो थांबला नाही.

पुढचे आठ दिवस अनंतरावांना दुपारी वाडीत झोप लागेना. ते दोनदा बाळाजीच्या पायरीपर्यंत गेले. एकदा तो सुपारीवर चढायच्या पायखुट्या घेऊन निघाला होता, एकदा घरात असून केसरने तो नाही म्हणून सांगितलं. पंपाची वेळ बदललेलीच राहिली. गाडीची चावी विनिताने आपण होऊन त्यांच्या हातात आणून दिली आणि आळीतल्या बायकांनी दुपारी या बाजूला फिरकणं सोडलं.

मग लाइनचं काम संपलं. दुपारची वीज जायची थांबली. घरोघर पंखे फिरू लागले.

त्या दिवशी जेवण झाल्यावर अनंतराव वाडीत गेले नाहीत. ते शेडमध्ये आले, गाडीत बसले, काचा बंद असल्याची खात्री केली आणि एसीचं बटण दाबलं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा. थंड हवा तोंडावर आली आणि त्यांनी डोळे मिटले. म्हसळ्याच्या घाटात विनिता कशी बसत असेल, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. बाहेर बाळाजी उभा होता. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. अनंतरावांनी वाकून शेजारचं दार उघडलं.

“लायट हाय की घरात,” बाळाजी म्हणाला.

“आहे.”

“मग?”

“बस ना.”

बाळाजी बसला. दोघंही समोरच्या पत्र्याकडे बघत राहिले. कुणी माफी मागितली नाही, कुणी दिली नाही. इंजिन एकदा घुरघुरलं आणि थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरलं.

बाळाजी चुळबुळला. “अनंता, पंखा तीनावर नको ठेवूस. तीनावर ठेवलास तर दर सात मिनिटांनी विंजिन लागतंय. दोनावर ब्याटरी पंदरा मिनिटं दम काडते.”

अनंतरावांनी सावकाश मान वळवली. “तुला कसं ठाऊक?”

बाळाजीने डोळे मिटून घेतले होते. “बायका तीनला जायच्या,” तो म्हणाला. “तू साडेतीनला उठायचास. मदला अर्दा तास चावी गाडीतच. वयनी ती खुंटीवर लावायची चहा झाल्यावर.”

बाळाजीचा श्वास संथ चालला होता. मग अनंतरावांनी हात पुढे केला आणि पंखा दोनावर आणला.